एक चूक माफ

यंत्राच्या इवल्याशा काचेवर आकडा वर चढत गेला, एकोणीसवर थांबला आणि तिथेच बसून राहिला. अभिमननं नळी तोंडातून काढली. नळीचा पुठ्ठा ओला झाला होता. समोर प्लॅस्टिकच्या टेबलामागे बसलेल्या मयुरी मॅडमनं आकडा पाहिला, मग अभिमनकडे पाहिलं, मग पुन्हा आकडा पाहिला. सहाच्या आत असायला हवा होता. गेले बारा सोमवार तो दोन, एक, दोन, तीन, एक असाच यायचा, आणि बारा वेळा मॅडमनं "व्वा काका" म्हणत त्याच्या नावापुढे हिरवी टिकली चिकटवली होती. आज नव्वदावा दिवस. शेवटचं फुंकणं. "काका, जरा पाणी प्या आणि परत फुंका बरं," ती हळूच म्हणाली. तिनं हळू बोलायला नको होतं. तिच्या हळू बोलण्यानंच मागच्या रांगेतले लोक पुढे वाकून बघू लागले. अभिमननं पाणी प्यायलं, पंधरा मोजेपर्यंत श्वास कोंडला, आणि छातीत होतं नव्हतं ते सगळं त्या नळीत ओतलं. वीस.

"मी ओढली नाही," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. त्याला स्वतःलाच ते वाक्य ओळखीचं वाटलं, शाळेच्या मागच्या भिंतीपाशी पकडलेलं प्रत्येक पोर हेच म्हणतं. मॅडमनं मान हलवली, म्हणजे तिला ते पटलं असं नाही, तिला ते ऐकू आलं एवढंच. चटईच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं लूम चालवणाऱ्या माणसाला मान हलवण्यातला हा फरक कळतो. मागून कोणीतरी हसलं. आणि आधीच फुंकून बाजूला उभा राहिलेला त्याचा जुना सोबती इसाक, ज्याचा आकडा चार मिनिटांपूर्वी तीन आला होता, तो हसला नाही, बोलला नाही, त्यानं नुसतं जमिनीकडे पाहिलं. अभिमनला त्या हसणाऱ्याचा राग आला नाही. जमिनीकडे बघणाऱ्याचा आला. टाळूपासून टाचेपर्यंत राग आला, आणि राग आल्यावर त्याचा उजवा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे एकेचाळीस वर्षं बिडीचं बंडल असायचं आणि आता नव्वद दिवस एक रिकामा, धुतलेला खिसा होता. हात खिशाकडे गेलेला सगळ्यांनी पाहिला. झालं, आणखी काय पाहिजे होतं त्यांना.

मॅनेजर योगेंद्र साहेबांनी माईक हातात घेतला. हा माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. तीन महिन्यांपूर्वी त्यानंच कँटीनमध्ये उभं राहून 'मोकळा श्वास' नावाची ही योजना जाहीर केली होती. कारखान्यात बिड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांनी तिघातिघांचे गट करायचे, दर सोमवारी श्वासातला धुराचा वायू मोजणाऱ्या यंत्रात फुंकायचं, नव्वद दिवस गटातल्या तिघांचेही आकडे सहाच्या आत राहिले तर त्या गटाला बक्षीस. बक्षीस म्हणजे काय, कुकर नाही, घड्याळ नाही, शाल-श्रीफळ नाही. वर्षभर पहिली पाळी. सकाळी सात ते दुपारी तीन, बारा महिने, रात्रपाळी नाही, दुपारपाळी नाही. हे ऐकून कँटीनमधली भांडी वाजायची थांबली होती. पाळीचं चक्र ज्यांनी अंगावर काढलंय, त्यांनाच या बक्षिसाची किंमत कळेल. आणि गट तिघांचा कशाला, तर एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून. म्हणजे राखण करायला साहेबांना माणूस लागत नाही, आपणच एकमेकांच्या तोंडाचा वास घ्यायचा. हेही अभिमनच्या तेव्हाच लक्षात आलं होतं, पण तो गप्प बसला होता. आता साहेब माईकवरून म्हणत होते, "मित्रांनो, हसू नका. माणूस आहे, चुकतो. आपल्या योजनेत एक चूक माफ आहे. अभिमनभाऊंनी फक्त कबुलीच्या कागदावर सही करायची, त्यांचा गट बाद होणार नाही. आपण माणसाला बाद करत नाही, सवयीला बाद करतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माफी कशाची, हे विचारायला कोणाचं तोंड उघडलं नाही. अभिमननं टेबलावरचा कागद पाहिला. 'माझ्याकडून एक वेळ धूम्रपान घडले असून त्याबद्दल मला खेद आहे.' खाली रेघ. रेघेखाली त्याचं नाव मॅडमनं आधीच लिहून टाकलं होतं.

तो कागद तसाच ठेवून चालता झाला. जायला तरी कुठे, भुसावळ रस्त्यावरचं कोणा पुरवठादाराचं शेत, कंपनीनं भरिताच्या पार्टीसाठी मागून घेतलेलं. एका बाजूला केळीची बाग, एका बाजूला वेचून झालेली कपाशी, मधे मंडप, मंडपात दोनशे माणसं, आणि बांधाला लागून ती लांबलचक आगटी, जिच्यावर पहाटे सहापासून अभिमन स्वतःच वांगी भाजत होता. डिसेंबर लागला की जळगावात ज्याला त्याला भरिताची पार्टी करायची असते, आणि कारखान्यात भरीत म्हटलं की अभिमनचंच नाव निघतं. कोणतं वांगं किती भाजायचं, कपाशीच्या काड्या कशा रचायच्या म्हणजे जाळ सारखा लागतो, वांग्याची पाठ कधी फिरवायची, हे त्याला हातानं कळतं. गॅसवर भाजलेलं भरीत तो तोंडात घालत नाही. साहेबांनी गुरुवारीच त्याच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं होतं, "अभिमनभाऊ, समारोपाला भरीत तुमच्याच हातचं पाहिजे." त्याला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, छाती फुगली होती. आता पंधराएक वांगी अजून जाळावर होती आणि कोणीतरी अडाणी माणूस ती चिमट्यानं टोचत होता. टोचलं की पाणी जातं. जाऊ दे. आज सगळंच जाऊ दे.

पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तो उभा राहिला. बिडी हवी होती. नव्वद दिवसांत इतकी कधी हवी झाली नव्हती, पहिल्या आठवड्यातसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं जेवणाचं ताट भिंतीवर मारलं होतं, वरणात मीठ कमी म्हणून. ताईबाईनं, त्याच्या बायकोनं, भिंत पुसली आणि म्हणाली, "ओढा बाई एकदाची, पण ताटं फोडू नका." त्याला तेव्हा कळलं की बिडी ही तंबाखू नव्हतीच मुळी. बिडी ही जागा होती. सुपरवायझर आईवरून बोलला, चल शेडमागे, बिडी. पोरीच्या सासरच्यांनी धुळ्याहून फोन करून काहीबाही सुनावलं, बिडी. लूममध्ये दोन बोटं गेली आणि कंपनीनं मलमपट्टी करून तिसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, बिडी. एकेचाळीस वर्षांत जो जो राग आला तो त्यानं असा पेटवून, ओढून, नाकावाटे सोडून दिला होता. त्यामुळे लोक म्हणायचे, अभिमनभाऊ थंड माणूस. थंड कसला. बिडी सुटली तशी एकेक जुनी गोष्ट वर येऊ लागली, अठ्ठ्याण्णव सालचा सुपरवायझर, लग्नात अपमान करणारा मामा, आणि बाप.

बापाला तो नाना म्हणायचा. नाना धुळ्याच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर ओट्यावर बसून होते. ओट्यावरून हाक यायची, "आभ्या, बिडी चेटाडी ली ये." चुलीतला निखारा चिमट्यात धरायचा, बिडी त्याला टेकवायची, पण नुसती टेकवून बिडी पेटत नाही, ती ओढावी लागते. दोन झुरके मारले तर पेटते. आठ वर्षांच्या आभ्यानं चुलीपुढे उकिडवं बसून रोज दहा-बारा बिड्या अशा दोन-दोन झुरक्यांनी पेटवून नेल्या. आई भाकरी थापत बघायची. तिला त्यात काही वावगं दिसायचं नाही, अख्ख्या गल्लीतली पोरं बापासाठी बिडी पेटवून नेत होती. नाना बिडी घ्यायचे, पोराच्या खोकल्यावर हसायचे, म्हणायचे, "मरद व्हयना." पुढे तेच नाना धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात खोकून खोकून गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी खुणेनं बिडी मागितली. अभिमननं खाली जाऊन पेटवून आणली होती, दोन झुरके मारून, सवयीनं. नर्सनं ती काढून घेतली. त्याला आज बापाचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊन करायचं काय, त्याच्यापुढे कागद धरून सही मागता येत नाही.

आणि इसाक. इसाक धुळ्याचाच, तिथल्या मोगलाई भागातला, म्हणून दोघांची बोली एक. कारखान्यात दोघं चारचौघांत साधं मराठी बोलायचे, पण शेडमागे, भंगाराच्या गठ्ठ्यांवर बसून, एका काडीवर दोन बिड्या पेटवताना तोंडातून आपसूक अहिराणी निघायची. बावीस वर्षं एका काडीवर दोन बिड्या. दुसरी काडी ओढायची नाही असा नेमच होता, वारा असला तर डोक्याला डोकं लावून पेटवायचे. इसाकनं योजना ऐकली त्या दिवशी शेडमागे येऊन बिडी हातात धरली आणि पेटवली नाही. हसीनाबीचं, त्याच्या बायकोचं, डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, दुपारी चारला. सरकारी दवाखान्यात चारचाच नंबर मिळाला होता, तो बदलून मिळत नव्हता. इसाकची पाळी बदलत राहायची. दुपारपाळी आली की हसीनाबी एकटी रिक्षानं जायची, आणि सप्टेंबरात परत येताना ती दवाखान्याच्या पायरीवर चक्कर येऊन पडली, कपाळाला चार टाके. इसाक तेव्हा लूमवर होता, फोन लॉकरमध्ये. "पहिली पाळी भेटनी तं..." एवढंच बोलून तो थांबला होता. पुढचं अभिमननं बोलायचं होतं आणि तो बोलला. खिशातलं बंडल काढून त्यानं भंगाराच्या गठ्ठ्यात खुपसलं. तिसरा लोटन, तो सिगारेटवाला, रात्रपाळीला कंटाळलेला, तो लगेच आला. बिडी अभिमननं स्वतःच्या फुप्फुसासाठी सोडली नव्हती. डॉक्टरनं सांगून सुटली नव्हती, ताईबाईनं देवाच्या शपथा घालून सुटली नव्हती. इसाकच्या बायकोच्या चार टाक्यांसाठी सुटली होती. आणि तो इसाक जमिनीकडे बघत होता.

त्यानं टाकीचा नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं, नाक शिंकरलं. हातावर काळं आलं. पुन्हा शिंकरलं, पुन्हा काळं. काजळासारखं, चिकट. तो त्या काळ्याकडे बघत राहिला. पहाटे सहापासून एक वाजेपर्यंत. वारा केळीच्या बागेकडून होता, म्हणजे सगळा धूर त्याच्याच अंगावर, तो जागेवरून हलला नव्हता, कारण हललं की वांगी करपतात. डोळे चुरचुरत होते, घसा खवखवत होता, पण ते भरिताला बसलं की होतंच, त्यात नवल ते काय. त्या यंत्राला बिडीचा धूर आणि कपाशीच्या काड्यांचा धूर वेगळा कळतो असं कोणी सांगितलं? कोणीच नाही. कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनीच त्याला आगटीपुढे बसवलं, सात तास धूर पाजला, मग उठवून नळी तोंडात दिली आणि आता त्याला माफ करत होते.

आगटीच्या दुसऱ्या टोकाला कुंदाबाई होत्या. कँटीनच्या कुंदाबाई, आसोद्याच्या, साठीच्या पुढच्या, भाजलेल्या वांग्यांची सालं काढून लाकडी बडगीत टाकायच्या आणि मुसळीनं ठेचायच्या. सकाळपासून त्याही तिथेच. अभिमन त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "बाई, जरा चला." "कुठं?" "फुंकायला." कुंदाबाईंनी वांग्याच्या हातानं पदर सावरला. "मले काय करता भाऊ त्या डबीत फुंकाले? मी काय बिडी पेते?" "म्हणूनच चला," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून त्या उठल्या. मंडपात रांग संपत आली होती. अभिमननं टेबलावरची नवी नळी उचलली, स्वतःच यंत्राला लावली, मॅडम काही म्हणायच्या आत. "पंधरा मोजेपर्यंत श्वास धरा, मग सोडा." कुंदाबाईंना पंधरापर्यंत धरवला नाही, अकरालाच सुटला. तरी आकडा चढला. सोळा. लोक आधी हसले, मग एकेक करून थांबले. लोटन मोठ्यानं म्हणाला, "कुंदाबाई, कोणती ओढता?" पण त्यालाही कोणी हसलं नाही. मयुरी मॅडमचा चेहरा उतरला. ती पोरगी हुशार होती, तिला क्षणात कळलं. "सर," ती म्हणाली. "सर, आगटी." अभिमनला वाटलं, संपलं. त्याला वाटलं आता कोणीतरी माईक घेईल आणि म्हणेल, चूक आमची झाली. तो चक्क त्या माईककडे बघत उभा होता, एवढा भोळा तो त्या वयातसुद्धा होता.

योगेंद्र साहेबांनी माईक घेतला नाही, त्याचा दंड धरला आणि केळीच्या बागेकडे घेऊन गेले. "अभिमनभाऊ, तुमचा मुद्दा मला पटला. शंभर टक्के पटला," ते म्हणाले. "पण जरा पुढचं बघा. यंत्रानं स्वयंपाकीण बाईला ओढणारी ठरवलं, हे मी वर कळवलं, तर पुण्याच्या हेड ऑफिसचे लोक म्हणणार, मग तुमच्या नव्वद दिवसांच्या सगळ्याच आकड्यांचा भरवसा काय? सगळ्या गटांचा निकाल थांबेल. चौकशी, नवं यंत्र, पुन्हा नव्वद दिवस. पाळीची यादी सोमवारी लागायची आहे, ती लागणार नाही. कोणाचीच लागणार नाही." "मग मला परवा फुंकायला लावा. धूर गेल्यावर." "नियमात नाही. आज तीन वाजता सगळे आकडे ॲपवर जातात. नव्वदावा दिवस तो आज." त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मऊ आवाजात म्हणाले, "ती माफी आहे ना, ती यासाठीच ठेवली आहे मी. एक सही. तुम्हाला-मला माहीत आहे, तुम्ही ओढलेली नाही. कागदाला कुठं माहीत आहे?" अभिमन त्यांच्याकडे बघत राहिला. पांढरा शर्ट, शर्टावर कुठेही काजळीचा ठिपका नाही. हा माणूस सकाळी आगटीपाशी आला होता, हातात चिमटा धरून फोटो काढून गेला होता, दोन मिनिटं. "म्हणजे मी चोरी केली नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि मी चोर आहे असं मी लिहून द्यायचं," अभिमन म्हणाला. साहेब म्हणाले, "असा शब्द वापरू नका." शब्दाचा त्रास झाला त्यांना. बाकी कशाचाच झाला नाही.

साहेब गेले आणि इसाक आला. तो केळीच्या पानाला हात लावून उभा राहिला, जसा शेडमागे पत्र्याला लावून राहायचा. मंडपात कळण्याच्या भाकरीच्या चळती उतरत होत्या, कांद्याची पात वाटत होते, कोणीतरी गाणं लावलं होतं. मग तो म्हणाला, "सही करी टाक." अभिमनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय?" "सही करी टाक अभिमन. सोमवारनी यादी शे." अभिमनला इसाकची मान धरावीशी वाटली. बावीस वर्षं डोक्याला डोकं लावून काडी पेटवली, त्या डोक्यात हे होतं. "तू बी मानस का," तो म्हणाला, "मी वढी म्हनीसन?" इसाकनं मान वर केली नाही. हो म्हणाला असता तर अभिमननं त्याला मारलं असतं आणि मोकळा झाला असता. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. तो काहीच म्हणाला नाही. नुसता उभा राहिला, आणि त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात दवाखान्याचं पिवळं कार्ड होतं, घडी घालून घालून कडा पांढऱ्या झालेलं. बिडीच्या जागी आता ते कार्ड असायचं. अभिमननं त्या कार्डाकडे पाहिलं आणि तो मंडपाकडे चालू लागला. चालताना त्याला कळत होतं की आपण हरतोय असं नाही, आपल्याला दोघं मिळून हरवतायत, एक पांढऱ्या शर्टातला आणि एक पिवळ्या कार्डवाला, आणि यातल्या एकाला आपण शिव्यासुद्धा देऊ शकत नाही.

त्यानं सही केली. अभिमन एवढंच लिहायची त्याची सवय होती, आज त्यानं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. नानांचंही नाव येऊ दे त्या कागदावर, त्यांचा हक्क होता. बोटांची काजळी कागदाच्या कोपऱ्याला लागली. मयुरी मॅडमनं फोटो काढला, कारण माफी मिळालेल्यांचा फोटो फलकावर लागायचा, इतरांना प्रोत्साहन म्हणून. फोटो काढताना तिनं ते यंत्र टेबलाखाली सरकवलं हे त्यानं पाहिलं आणि त्याला तिची जराही दया आली नाही. मग माईकवरून त्याच्या गटाचं नाव आलं, टाळ्या झाल्या, लोटननं त्याला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "भाऊ, वाचवलं." कुंदाबाईंनी त्याच्यापुढे पत्रावळ ठेवली. भरीत छान झालं होतं, दोनशे माणसं बोटं चाटत होती. त्यानं एक घास खाल्ला. त्याला फक्त धुराची चव लागली.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला. इसाक येऊन शेजारी बसला, जागा बऱ्याच रिकाम्या असताना. सूर्य अजून वर होता, रस्त्याच्या कडेनं केळीचे ट्रक सावद्याकडून येत होते. अभिमननं तोंड खिडकीकडे केलं. कारखान्याचं गेट दिसू लागलं तेव्हा इसाक हळू आवाजात, पुढच्या सीटकडे बघत म्हणाला, "माले म्हाईत शे तू वढेल नही." अभिमन हलला नाही. "तू वढी असती तं पहिले माले हाक मारी असती." ते खरं होतं. इतकं खरं होतं की अभिमनला त्याच्या आधी ते स्वतःलाही सुचलं नव्हतं. नव्वद दिवसांत एकदा जरी हात घसरला असता, तरी त्यानं आधी इसाकला हाक मारली असती, एका काडीवर दोन पेटवायच्या म्हणून, आणि दोघं मिळून बुडाले असते. जगात हे फक्त एका माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस तिथे गप्प उभा राहिला होता. "मंग तठे कसाले गप्प बसना?" अभिमननं विचारलं. त्याचा आवाज फाटला. पुढचे दोघं वळून बघू लागले. "हाई तठे बोलता येत नव्हतं तुले? दोनशे मानसंसमोर?" "मी बोलतू तं तू सही करतू का?" इसाक म्हणाला. बस थांबली. अभिमनला उत्तर येत होतं आणि ते द्यायचं नव्हतं. कोणी एकानं जरी तिथे म्हटलं असतं की हा खरं बोलतोय, तर त्यानं मेला तरी सही केली नसती. इसाकला ते माहीत होतं. इसाकनं त्याला मुद्दाम एकटं पाडलं होतं, बायकोसाठी. त्याला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी काळं नव्हतं, धूर सगळा धुऊन गेला होता. खिशाकडे हात गेला नाही. हा राग ओढून टाकायचा नव्हता. हा त्याचा होता, एवढाच आज त्याच्याकडे राहिला होता.

सोमवारी पहिली पाळी. तीनचा भोंगा झाला तसा इसाक हात न धुताच गेटबाहेर पळाला, मोटरसायकलला किक मारल्याचा आवाज आला. अभिमनला थांबायचं होतं. माफी मिळालेल्यांनी वर्षभर दर सोमवारी फुंकायचं असतं, देखरेख म्हणून, हे कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं त्यानं वाचलं नव्हतं. फलकावर त्याचा फोटो लागला होता, काजळलेलं तोंड, लाल डोळे, खाली छापलेलं, 'एक चूक माफ'. मयुरी मॅडम सुटीवर होती, तिच्या जागी दुसरीच कोणी मुलगी होती, नवीन, भुसावळची, तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं यादीत त्याचं नाव शोधलं, नळी दिली. त्यानं पंधरा मोजले आणि फुंकलं. आकडा एकवर आला.

"बघा काका," ती मनापासून हसून म्हणाली, "मनावर घेतलं की सुटते ना?"

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. अजून अर्धा तास होता, इसाक घरी पोचला असेल, हसीनाबीला मागच्या सीटवर बसवत असेल, पदर चाकात जाऊ नये म्हणून गोळा करून तिच्या मांडीवर ठेवत असेल. अभिमननं नळी चुरगाळून मुठीत धरली.

"हो," तो म्हणाला. "सुटली."